चिप-उत्पादनक्षमता
चिप बनविणाऱ्या कारखान्यांची क्षमता, भांडवली खर्च व कार्यक्षमता यांच्या तुलनेसाठी वापरण्यात येणारी मापने. कारखान्याची क्षमता सामान्यतः दरमहा प्रक्रिया करता येणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्यांच्या संख्येत सांगतात. तथापि चकत्यांचे व्यास भिन्न असल्यास नुसती संख्या दिशाभूल करते. ३०० मिमी. व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ २०० मिमी. व्यासाच्या चकतीच्या २.२५ पट असते. म्हणून तुलनेपूर्वी सर्व क्षमता एकाच व्यासाच्या तुल्य चकत्यांत रूपांतरित करतात.

उतारा : चकतीवरील एकूण चिपांपैकी निर्दोष चिपांच्या शेकडा प्रमाणास उतारा म्हणतात. धूलिकण व प्रक्रियेतील त्रुटी यांमुळे चिप निकामी होतात. चिपचे क्षेत्रफळ जितके अधिक, तितकी तिच्यात दोष येण्याची शक्यता अधिक. दोष यदृच्छया विखुरलेले मानल्यास, दर चौ. सेंमी. मागे सरासरी ०.१ दोष असता १ चौ. सेंमी. चिपांचा उतारा सु. ९०%, तर ६ चौ. सेंमी. चिपांचा सु. ५५% येतो. यास्तव भिन्न आकारांच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यांचे उतारे थेट ताडून न पाहता एकक क्षेत्रफळातील दोषांची संख्या, म्हणजे दोषघनता, विचारात घेणे इष्ट ठरते.

भांडवली खर्च : खर्चाचा मोठा भाग यंत्रसामग्रीवर होतो. यंत्रे बंद असली, तरी त्यांचा घसारा चालूच राहतो. त्यामुळे क्षमतेचा वापर घटताच प्रत्येक चकतीचा खर्च वाढतो. २०२२ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या कंपनीने सु. ३६ अब्ज डॉलर, तर अमेरिकेच्या इंटेलने सु. २५ अब्ज डॉलर भांडवली खर्च केला. वार्षिक उत्पन्नाशी हे प्रमाण अनुक्रमे सु. ४८% व ४०% होते. टीएसएमसी (स्थापना १९८७) इतरांनी अभिकल्पिलेल्या चिप बनवते, तर इंटेल मुख्यतः स्वतःच्या चिप बनवीत आली आहे. अनेक ग्राहकांच्या मागण्या एकत्र आल्याने पहिल्या पद्धतीत यंत्रे पूर्ण वापरात ठेवणे तुलनेने सुकर जाते.

मोठा खर्च म्हणजे कार्यक्षमता नव्हे. इंटेलच्या १० नॅनोमीटर प्रक्रियेचा उतारा अपुरा राहिल्याने २०१८ मध्ये तिचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०१९ पर्यंत पुढे ढकलावे लागले. तिच्याशी साधारणपणे तुल्य असलेल्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेचे उत्पादन टीएसएमसीने २०१८ मध्येच सुरू केले. नॅनोमीटरांतील ही नावे प्रत्यक्ष मापाची निदर्शक नसल्याने त्यांवरूनही तुलना करता येत नाही. क्षमता, तिचा वापर, दोषघनता व खर्च यांचा एकत्रित विचार केल्यासच एका निर्दोष चिपचा खरा उत्पादनखर्च कळतो आणि तोच तुलनेचा अंतिम निकष होय.