शिट्टी, चुना आणि तीस सेकंद : कबड्डी–खो-खोच्या नियमांतल्या बारा भन्नाट गोष्टी

संध्याकाळी सहाच्या सुमाराला छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभं राहून बघा. जालना रोडची गर्दी, पैठण गेटकडून घुसणाऱ्या रिक्षा, उस्मानपुऱ्याकडे वळणाऱ्या दुचाक्या आणि या सगळ्यांच्या मधोमध हवालदाराची एक शिट्टी. ती दोन मिनिटं थांबली, तरी चौकाचा पार चक्का जाम. मैदानावर पंचाचं काम अगदी हेच. आपण चढाईपटूचं नाव लक्षात ठेवतो, पकडीला टाळ्या वाजवतो, पण पंच कोण होता हे घरी पोहोचेपर्यंत विसरलेलं असतं. खरं तर खेळ मोठा होतो तो दोन गोष्टींवर : नियम चोख हवेत आणि ते राबवणारा माणूस तयार हवा. आज त्या माणसाकडे आणि त्याच्या नियमपुस्तिकेकडे पाहू.

१. पुतळ्याच्या मापाचं मैदान

क्रांती चौकातल्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. चौथऱ्यासह त्याची उंची ५२ फूट, नुसता पुतळा २१ फूट. आता खो-खोच्या मैदानाची रुंदी घ्या : १६ मीटर, म्हणजे साडेबावन्न फूट! पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटर, म्हणजे २१ फुटांपेक्षा जेमतेम चार इंच जास्त. पुढच्या वेळी चौकात मान वर कराल तेव्हा विचार करा : तेवढ्याच पल्ल्यात सात जण टपून बसलेले असतात आणि चढाईपटूला तीस सेकंदांत तिथून गुण घेऊन परतायचं असतं.

२. रेषेच्या जाडीलाही नियम

कबड्डीच्या मैदानावरची प्रत्येक रेषा ३ ते ५ सेंटिमीटर जाड असावी लागते आणि ती मैदानाचाच भाग धरली जाते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे बरोबर एक मीटरवर बोनस रेषा. निदान रेषा न ओलांडता परत आला, तर चढाईपटूच बाद. बोनस हवा असेल तर एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. तोही समोर सहा किंवा सात जण असतील तरच मिळतो. हे सगळं पंचाला डोळ्याची पापणी लवायच्या आत पाहायचं असतं. बोनस दिला की तो अंगठा वर करतो.

३. आधी नखं दाखवा!

सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू ओळीनं उभे राहतात आणि हात पुढे करतात. पंच एकेकाची बोटं पाहत जातो. नखं वाढलेली असतील तर आधी कापून ये. गळ्यातली साखळी, हातातलं कडं, बोटातली अंगठी सगळं बाहेर. अंगाला तेल चोपडून यायलाही सक्त मनाई आहे, कारण तेलकट पाय पकडीत टिकत नाही. पाठीवरचा आणि छातीवरचा क्रमांकही तपासला जातो. शाळेतल्या स्वच्छता तपासणीची आठवण यावी असा हा कार्यक्रम, पण त्यामागे पक्कं कारण आहे : एका वाढलेल्या नखानं समोरच्याचा डोळा जाऊ शकतो.

४. एका सामन्याला सहा अधिकारी

कबड्डीच्या सामन्यात एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक असतात. साहाय्यक गुणलेखक म्हणजे नुसता कागद धरणारा माणूस, असं समजू नका. बाद झालेले गडी कोणत्या क्रमानं बाहेर आले हे तो टिपतो, कारण परत आत जाताना तोच क्रम पाळावा लागतो. आधी बाद झाला तो आधी आत. हा क्रम चुकला, तर ज्याला बाहेर बसायचं होतं तोच नेमका मैदानात येऊन बाजी फिरवू शकतो. म्हणूनच अंतिम रेषेमागे बसलेला हा माणूस कधी मान वळवून गप्पा मारताना दिसत नाही.

५. हांगझोमधला तो एक तास

नियम एकच असावा आणि सगळ्यांना एकसारखा माहीत असावा, याचं आजवरचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण ७ ऑक्टोबर २०२३ चं आहे. चीनमधल्या हांगझोला आशियाई स्पर्धेतली पुरुष कबड्डीची अंतिम लढत चालू होती. भारत विरुद्ध इराण, गुण २८–२८, सामना संपायला जेमतेम दीड मिनिट. भारताचा पवन सेहरावत गुण आणलाच पाहिजे अशा ‘करो या मरो’ चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श होण्याआधी त्याचा पाय लॉबीत, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या पट्टीत पडला. त्याला धरायला इराणचे गडीही पाठोपाठ लॉबीत घुसले.

आता गंमत बघा. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली, की लॉबी खेळात धरली जाते. त्याआधी तिथे पाय टाकला तर बाद. मग फक्त पवन बाद, की त्याच्यामागे धावलेले इराणचे गडीही बाद? जुन्या नियमानं सगळे बाद. प्रो कबड्डीतल्या बदललेल्या नियमानं फक्त चढाईपटू बाद. निर्णय एकदा इकडे झुकला, एकदा तिकडे. दोन्ही संघांचे खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूनं लागला आणि भारतानं ३३–२९ असं सुवर्ण जिंकलं. दोन्ही संघ जगातले अव्वल, तयारी वर्षांची, आणि अडलं कुठं? नियमपुस्तिकेतल्या एका ओळीवर!

६. खो-खोत मागे वळायला बंदी

खो-खोत नऊ जण पाठलागाला असतात. आठ जण ३० बाय ३० सेंटिमीटरच्या चौकोनांत एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात आणि नववा धावतो. त्यानं एकदा दिशा घेतली की संपलं. टोकाचा खांब गाठेपर्यंत किंवा खो देईपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, आणि हे आठ जण बसतात ती मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठंही वळायची मुभा. म्हणून तर हा खेळ इतका रंगतो.

पंचाची खरी कसोटी खो देताना लागते. खो पाठीमागूनच द्यायचा. हाताचा स्पर्श आणि ‘खो’चा आवाज दोन्ही हवेत. बसलेला गडी त्याआधी उठला, तर फाऊल. एका सेकंदात हात, आवाज, पाय आणि दिशा अशा चार गोष्टी पाहायच्या असतात. दोन पंच मधल्या पाटीनं वाटलेल्या आपापल्या अर्ध्या भागात निर्णय देतात. त्यांच्यात मतभेद झाला, तर सरपंचाचा शब्द अखेरचा.

७. उशीर झाला की बाद

पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात. तिसरा गडी बाद झाला की पुढच्या तिघांनी दोन खो दिले जाण्याआधी मैदानात यायचं. रेंगाळला, तर हात न लागताच बाद! बरं, ज्यानं तिसरा गडी मारला त्याला नव्या तुकडीमागे लगेच धावता येत नाही. आधी खो द्यावा लागतो. कुणालाही फुकटचा फायदा मिळू नये याची किती बारीक काळजी घेतली आहे पाहा.

८. बरोबरी सुटते कशी?

खो-खोत दोन डावांनंतरही गुण सारखे राहिले तर अलाहिदा, म्हणजे जादाचा डाव. तोही बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमण. दोन्ही संघ एकेकदा पाठलाग करतात आणि पहिला गडी ज्यानं कमी वेळात मारला तो विजयी. सगळं मैदान श्वास रोखून वेळाधिकाऱ्याच्या घड्याळाकडे पाहत असतं.

कबड्डीत बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला तर पाच-पाच चढाया. त्या वेळी निदान रेषाच बोनस रेषा होते आणि बाद झालेला गडी बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. तरीही कोंडी फुटली नाही तर नाणेफेक आणि निर्णायक ‘सुवर्ण चढाई’.

९. नियम कागदावर आले ते पुण्यात आणि बडोद्यात

हे खेळ शेकडो वर्षं गावोगाव खेळले जात होते आणि प्रत्येक गावाचा कायदा वेगळा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा ठरलेल्या नियमांनुसार भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुढं १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली. संघटना बांधण्यासाठी आयुष्य वेचलेल्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. एखाद्या संघटकाच्या नावानं खेळाचा दिवस पाळला जातो, ही आपल्या मातीतली फार मोलाची गोष्ट आहे.

१०. नियम सगळ्यांचे, तर खेळ सगळ्यांचा

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीची अंतिम लढत इराणनं भारतावर २७–२४ अशी जिंकली. इराणच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो २३ देशांच्या हजेरीत. भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४–३६ आणि महिलांनी नेपाळलाच ७८–४० असं हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्या मराठवाड्यातही अभिमानाची जागा आहे. धाराशिवची सारिका काळे हिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुणे, नाशिक आणि धाराशिवच्या मैदानांवर घोटलेला नियम काठमांडूत आणि तेहरानमध्ये जसाच्या तसा चालतो, म्हणून तर हे घडू शकलं.

११. तिकडे बोलिंग लीगमध्ये खजिनदारावरही नजर

नियम फक्त मैदानाचे नसतात, पैशांचेही असतात; त्यासाठी कबड्डी–खो-खोबाहेरचं एक उदाहरण पाहू. मॉलमध्ये मजेखातर खेळतो ते बोलिंग अमेरिकेत लीग पद्धतीनं फार शिस्तीत चालतं. फाऊल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. सलग बारा स्ट्राइक मारले की ३०० गुणांचा ‘परफेक्ट गेम’. रेषेवरून पाय घसरला तर त्या फेकीत पडलेल्या पिना मोजल्याच जात नाहीत. पण खरी शिस्त कागदावरची. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार लीगला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार लागतात, बँक खात्यावर दोन सह्या हव्यात आणि अध्यक्षानं दर महिन्याला खातं तपासायचं. बक्षिसाची रक्कम खेळाडूंच्या वर्गणीतून येते, तेव्हा तिचा हिशेबही खेळाच्या नियमाइतकाच पवित्र. आपल्या गल्लीतल्या स्पर्धांच्या आयोजकांनी हा धडा जरूर घ्यावा.

१२. पंच व्हायचंय? मग अभ्यासाला लागा

पंचाला परीक्षा द्यावी लागते : लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष मैदानावरची. लेखी परीक्षेत मापं, वेळा, व्याख्या विचारतात. तोंडीत पेच टाकतात : चढाईपटूचा एक हात मध्यरेषेपलीकडे टेकला, अंग मात्र पकडीत आहे, काय द्याल? उत्तर : चढाई यशस्वी, आणि धरणारे सगळे बाद. प्रात्यक्षिकात सामना चालवून दाखवायचा. तिथं शिट्टी कधी वाजवली, हाताचा इशारा स्पष्ट होता का, जागा बरोबर धरली का, हे परीक्षक टिपून घेतात.

पंचांमध्ये बरेचसे क्रीडाशिक्षक आणि माजी खेळाडू असतात. दिवसभराची नोकरी करून संध्याकाळी मैदानावर धावतात, कुणाच्याही बाजूनं ओरडत नाहीत आणि हरलेल्या संघाचं बोलणं शांतपणे ऐकून घेतात. खेळायचं वय निघून गेलं, तरी मैदानाशी नातं टिकवायची ही उत्तम वाट आहे. मुलींनी तर आवर्जून पुढं यावं. महिलांच्या स्पर्धा वाढताहेत आणि त्यांना जाणत्या महिला पंच हव्याच आहेत.

संभाजीनगरकरांना त्यासाठी लांब जायला नको. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आणि विद्यापीठ परिसरातलं भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र शहरातच आहे. तिथं किंवा जिल्हा संघटनेकडे पंच शिबिराची चौकशी करा. नियमपुस्तिका मिळवा, आणि येत्या रविवारी एखादा सामना पूर्ण वेळ फक्त पंचाकडे पाहत बघा. कुठं उभा राहतो, शिट्टी कधी वाजवतो, कधी मुद्दाम वाजवत नाही, हे नीट टिपा. तुमच्या गल्लीतल्या पुढच्या स्पर्धेला असाच एक तयार माणूस हवा आहे, आणि तो तुम्ही होऊ शकता.