न वापरलेलें यंत्र
फिरत्या त्रिकोणाच्या इंजिनाची मोटारसायकल व तिची निगा

वस्तु जपून ठेवली म्हणजे ती टिकते, असा आपल्या घरांतून एक सर्वसाधारण समज असतो. माळ्यावरचीं पितळी भांडीं, पेटींतला शालू, कपाटांतलें जुनें घड्याळ या सर्वांस आपण हाच न्याय लावतों. भांड्यांच्या बाबतींत तो कदाचित् खरा असेल. पण शालूची घडी अधूनमधून मोडावी लागते आणि घड्याळास किल्ली द्यावी लागते, हें घरांतील वडील माणसें जाणतात. यंत्रांच्या बाबतींत तर हा समज पुष्कळदां उलटाच ठरतो. आणि त्याचें बोलकें उदाहरण म्हणजे फिरत्या त्रिकोणाच्या इंजिनावर चालणारी मोटारसायकल होय.

हें यंत्र आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाहीं, म्हणून प्रथम त्याची ओळख करून घेऊं. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत वरखालीं होतो आणि त्या हालचालीचें मागाहून चक्राकार गतींत रूपांतर करावें लागतें. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकानें दट्ट्यासच रजा दिली. त्याच्या कल्पनेवर रचलेलें पहिलें इंजिन एन. एस. यू. या कारखान्यांत १९५७ सालीं चालूं झालें. कमरेंत किंचित् आवळलेल्या लंबवर्तुळासारखें एक पोकळ घर असतें आणि त्यांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्रिकोणाचीं तिन्ही टोकें घराच्या भिंतीस सतत लागलेलीं असल्यामुळें तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरूं लागला कीं प्रत्येक कप्पा आळीपाळीनें मोठा व लहान होतो आणि वायु आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें हीं चारी कामें उरकतात. मधला दांडा तीन फेरे घेतो तेव्हां त्रिकोणाचा एक फेरा पुरा होतो. म्हणजे दांडा मिनिटास ९,००० वेळां फिरत असेल तर त्रिकोण ३,००० वेळां. हादरे अगदीं थोडे, आणि झडपा मुळींच नाहींत.

या इंजिनाच्या मोटारसायकली थोड्याच निघाल्या. पश्चिम जर्मनींतील हर्क्युलिसनें १९७४ सालीं एक बाजारांत आणली. जपानच्या सुझुकीची ४९७ घनसेंटिमीटरची ‘आर. ई. ५’ १९७४ ते १९७६ या काळांत निघाली. सर्वांत चिकाटी दाखविली ती इंग्रजांनीं. बी. एस. ए. कंपनींत १९६९ च्या सुमारास सुरू झालेलें काम पुढें नॉर्टन या नांवाखालीं फळास आलें. दोन त्रिकोणांचें, ५८८ घनसेंटिमीटरचें तें इंजिन आधीं पोलिसांच्या गाड्यांत बसलें. १९८७ सालीं ‘क्लासिक’ ही गाडी सर्वसाधारण गिऱ्हाइकांसाठीं निघाली, तिच्या सुमारें शंभरच प्रती झाल्या. मागोमाग पाण्यानें थंड होणारी ‘कमांडर’ आली. आणि १९९२ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टी. टी. शर्यत स्टीव्ह हिस्लॉप यानें याच जातीच्या इंजिनावर जिंकली. आतां या गाड्या बहुतकरून हौशी संग्राहकांकडे असून वर्षांतून दोन-चार वेळांच बाहेर निघतात. त्यांचे सुटे भाग कष्टानें मिळतात. म्हणून ‘इंजिन गेलें’ असा चुकीचा निर्णय करून तें विनाकारण उघडणें, हें येथें फार महागांत पडतें.

हें इंजिन बसून कां बिघडतें तें पाहूं. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकास एका खाचेंत अरुंद पट्टी बसविलेली असते व तिच्यामागें बारीक स्प्रिंग असते. सर्व दाब राखण्याचें काम या पट्ट्यांचें व दोन्ही अंगांच्या बाजूपट्ट्यांचें. इंजिन वेगानें फिरत असतां केंद्रोत्सारी बल व वायूचा दाब त्यांस भिंतीवर घट्ट रेटतो. पण सुरुवातीच्या मंद फेऱ्यांत त्यांचा आधार म्हणजे ती बारीक स्प्रिंग आणि तेलाचा पातळ थर एवढाच. भिंतीस व पट्ट्यांस मिळणारें तेल पेट्रोलाबरोबर जळून जाणारें असल्यामुळें तें मोजून-मापूनच पुरविलें जातें. गाडी महिनोन् महिने उभी राहिली कीं हा थर ओसरतो, खाचांतील काजळी घट्ट होऊन पट्ट्या अडकतात, आणि दमट हवेंत पोलादी भागांवर गंज धरतो. नॉर्टनच्या इंजिनांत त्रिकोण रोलरांच्या बेअरिंगवर फिरतो. त्यांसहि तेल बेताचेंच मिळतें, म्हणून तेथील गंज विशेष घातक.

याहून वाईट संवय म्हणजे आठवड्यांतून एकदां ‘जरा दोन मिनिटें चालूं करून’ पुन्हां बंद करणें. जळणांतून पाण्याची वाफ निघते. इंजिन पुरतें तापलें तर ती बाहेर पडते. न तापतां बंद केलें तर तीच आंत थिजून पाणी होते, आणि चोक लावून ओतलेलें जादा पेट्रोल उरलासुरला तेलाचा थर धुवून नेतें. तेव्हां चालवावयाची तर गाडी रस्त्यावर अर्धा तास तरी नीट पळवावी. नाहीं तर तिला हातच लावूं नये.

दीर्घ काळ ठेवावयाची असल्यास शेवटची फेरी पूर्ण तापेपर्यंत करावी. कार्बोरेटरांतील पेट्रोल काढून टाकावें. इंजिन निवल्यावर प्लग काढून प्रत्येक भोंकांत चमचाभर इंजिनचें तेल सोडावें, वरचा गिअर घालून मागचें चाक हातानें सावकाश फिरवावें व प्लग पुन्हां बसवावेत. बॅटरी काढून कोरड्या जागीं ठेवावी व महिन्यास भरावी. धुराड्याच्या तोंडांत तेलाचें फडकें कोंबल्यास त्याची चिठ्ठी हँडलास बांधण्यास विसरूं नये.

आतां गाडी सुरू होत नसेल तर काय करावें? वैद्य जसा आधीं नाडी व जीभ पाहतो, पोटावर शस्त्र चालवीत नाहीं, तोच क्रम येथें ठेवावा.

पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. बटण दाबल्यावर तो आंकडा १० च्या बराच खालीं गेला तर इंजिन मंद फिरतें. मंद फिरल्यास पट्ट्या भिंतीस नीट चिकटत नाहींत, दाब होत नाहीं, आणि निरोगी इंजिनहि मेल्यासारखें वाटतें.

दुसरा संशय पेट्रोलवर. ब्रिटनमध्यें २०२१ पासून साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, आणि शिळ्या पेट्रोलाचा चिकटा बारीक भोंकें बुजवितो. नॉर्टनच्या रस्त्यावरील कांहीं गाड्यांत एस. यू. कार्बोरेटर आहेत, त्यांचा दट्ट्या बोटानें उचलून सोडल्यास खालीं येऊन स्पष्ट ‘टक्’ असा आवाज झाला पाहिजे. तो मध्येंच अडकला तर साफ करावा, आणि वरच्या नळींतील तेलहि पाहावें.

तिसरा संशय ओल्या प्लगवर. फार वेळ बटण दाबून पेट्रोल आंत साचलें असल्यास प्लग काढून कोरडे करावेत, पेट्रोल बंद करून इंजिन कांहीं फेरे फिरवावें, भोंकांत थोडें तेल सोडावें, आणि मग नव्या प्लगांनीं प्रयत्न करावा. पुष्कळ ‘मेलेलीं’ इंजिनें येथेंच जिवंत होतात. मात्र प्लग काढून फिरवितांना ठिणगीची जोडणी अवश्य तोडावी. बाहेर उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेते. बंद खोलींत तर इंजिन कधींच चालवूं नये; त्याचा धूर प्राणघातक असतो.

एवढें करूनहि उपयोग न झाला, तरच दाब तपासावा. एक प्लग काढून इंजिन फिरविलें कीं भोंकांतून फुस्-फुस्-फुस् असे तीन कप्प्यांचे तीन श्वास ऐकूं येतात. तिन्ही सारखे जोरदार असतील तर दोष इंजिनाच्या पोटांत नाहीं. लागोपाठचे दोन दुबळे असतील तर बहुधा टोकाची एक पट्टी अडकली आहे, कारण एक टोक दोन कप्प्यांच्या सीमेवर असतें. एकच दुबळा असेल तर बाजूपट्टीचा संशय घ्यावा. तरीहि घाई नको. भोंकांत तेल सोडून गाडी एक-दोन दिवस तशीच ठेवावी, हातानें फिरवावी, आणि सुरू झाल्यास चांगली तापवून फेरी मारावी. काजळी सैल होऊन पट्टी पुष्कळदां आपोआप मोकळी होते. दोन-चार फेऱ्यांनंतरहि तोच श्वास दुबळा राहिला, तर मात्र जाणत्या कारागिराकडे जावें.

धूर पाहून घाबरूं नये. जळणाऱ्या तेलामुळें आरंभीं निळसर धूर येणें हा या इंजिनाचा स्वभावच आहे. उलट, तेलाची पातळी महिनोन् महिने खालीं जात नसेल, तर तो तेलपंप थांबल्याचा गंभीर इशारा समजावा. पाण्यानें थंड होणाऱ्या गाडींत दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबेनासा झाला व पाणी कमी होऊं लागलें, तर पाणी आंत शिरत आहे. तेव्हां गाडी लगेच बंद करावी.

वाचकांपैकीं अशी गाडी बाळगणारे विरळाच. पण वडिलांची स्कूटर किंवा आजोबांची मोटार ओसरीच्या कडेला आच्छादून ठेवलेली पुष्कळांच्या घरीं असेल. आपल्याकडेहि २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांवर गेलें आहे. तेव्हां टांकींत शिळें पेट्रोल ठेवण्याचा धोका येथेंहि तोच. घरांतील एखाद्या मुलास महिन्याचा एक रविवार या कामास नेमून द्यावा: बॅटरी भरणें, चाकांतील हवा पाहणें आणि गाडी पुरती तापेपर्यंत फिरवून आणणें. वडिलांची आठवण त्यानें आच्छादनाखालीं राहण्यापेक्षां अधिक चांगली राहील.