घरच्या खेळपट्टीवरील पराभव

परदेशांतील पराजय क्षम्य मानण्याची आम्हां क्रिकेटभक्तांची जुनी रीत आहे. पण घरच्या खेळपट्टीवर हरल्यास दोष कोणास द्यावा? मायदेशीं लागोपाठ १८ कसोटी मालिका जिंकल्यावर २०२४ सालीं न्यूझीलंडनें येथें येऊन तिन्ही सामने जिंकले. पुण्यास सँटनरनें १३ बळी घेतले. मुंबईस १४७ धावा हव्या असतां आपला डाव १२१ धावांतच आटोपला. तेथें ११ गडी बाद करणारा एजाज पटेल जन्मानें मुंबईकरच! पुढें २०२५ च्या नोव्हेंबरांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्यास १२४ धावाही झाल्या नाहींत आणि गुवाहाटीस तर ४०८ धावांनीं हार झाली.

हिंमत नाहीं, असें मात्र म्हणवत नाहीं. त्याच वर्षीं गिलच्या संघानें ओव्हलचा सामना अवघ्या ६ धावांनीं जिंकून इंग्लंडांतील मालिका २-२ अशी बरोबरींत सोडविली होती. येथें मुरूमास चर्चा चालते ती नशिबाची. मला अभ्यासाची उणीव मोठी वाटते. प्रतिपक्षासाठीं चेंडू वळविणारी खेळपट्टी करावी आणि आपल्याच फलंदाजांनीं तीवर कोसळावें, हें भस्मासुराचें आख्यान झालें. रोहित शर्मा मुंबईकडून रणजी सामन्यांत २०२५ च्या जानेवारींत उतरला, तो ९ वर्षांहून अधिक काळानें. फिरकी खेळण्याचा सराव मग व्हावयाचा कोठें?