देवनागरी नामपट्टिकेचे संगणकीय संकल्पन : अक्षर आणि प्रतिमा

सारांश

ई-पत्राच्या शेवटी, सादरीकरणाच्या पहिल्या पृष्ठावर किंवा विभागाच्या सूचनापत्रावर नाव, पदनाम व संस्थेचे नाव असलेली छोटी चित्ररूप पट्टी वापरण्याची प्रथा महाविद्यालयांत रूढ झाली आहे. अशी नामपट्टिका प्रतिमा-संपादन आज्ञावलीच्या साहाय्याने कशी तयार करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या प्रकारच्या संकल्पनाचे प्रचलित संकेत रोमन लिपी गृहीत धरून तयार झाले आहेत. ते देवनागरीला जसेच्या तसे लावल्यास अक्षराची ओळखच पुसली जाते. त्यामुळे संकल्पनाचा आरंभ सजावटीपासून न करता अक्षरापासून करावा, तसेच प्रतिमेत रूपांतरित झालेले अक्षर हे संगणकाच्या दृष्टीने अक्षर राहत नाही याचे भान ठेवावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नामपट्टिका, देवनागरी, पिक्सेल, टंक, युनिकोड, प्रतिमा-संपादन, सुगम्यता.

१. प्रस्तावना

छापील नामपत्राचे काम पूर्वी मुद्रकाकडे सोपवले जात असे. टंकाची निवड, ओळींमधील अंतर, शाईचा रंग यांचा निर्णय अनुभवी जुळारी घेत असे. संगणकामुळे हे काम प्रत्येक प्राध्यापकाच्या हाती आले. अॅडोब कंपनीच्या फोटोशॉप या आज्ञावलीची पहिली आवृत्ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये जिंप या मुक्त आज्ञावलीचे काम सुरू केले व १९९६ मध्ये ती सार्वजनिक झाली. साधने सुलभ झाली. परंतु जुळाऱ्याकडे असलेले लिपीविषयक ज्ञान त्या साधनांबरोबर आले नाही. नामपट्टिका आकाराने लहान असल्यामुळे ही उणीव तिच्यात सर्वांत आधी दिसून येते.

२. प्रतिमेचे मूलभूत स्वरूप

संगणकीय छायाप्रतिमा ही पिक्सेल नावाच्या चौकोनी ठिपक्यांची जाळी असते. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या मिश्रणातून ठरतो आणि प्रत्येक घटकाला ० ते २५५ यांपैकी एक मूल्य असते. ५०० पिक्सेल रुंद व १२० पिक्सेल उंच अशा पट्टिकेत एकूण ६०,००० पिक्सेल असतात. संकोच न करता ती साठवल्यास १,८०,००० बाइट जागा लागते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, अक्षराचा कोणताही भाग एका पिक्सेलपेक्षा सूक्ष्म असू शकत नाही. दुसरी अशी की, प्रतिमा मोठी केल्याने तिच्यात नवीन तपशील येत नाही. ५०० पिक्सेल रुंदीची पट्टिका फ्लेक्स फलकासाठी ५,००० पिक्सेलपर्यंत ताणल्यास पिक्सेलची संख्या शंभरपट होते. मात्र अक्षराच्या कडा केवळ धूसर होतात. मोठ्या आकारासाठी स्वतंत्र रचना करावी किंवा इंकस्केपसारख्या रेषाधारित आज्ञावलीचा अवलंब करावा, हे इष्ट होय.

३. देवनागरीची रचना आणि पिक्सेलची मर्यादा

रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांची ओळ एकाच पट्ट्यात बसते. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार यांचा एक पट्टा, शिरोरेषेखाली मूळ अक्षराचा दुसरा पट्टा आणि त्याखाली उकार, ऋकार व काही जोडाक्षरांचा तिसरा पट्टा अशी तिची तिपदरी रचना आहे. ओळीसाठी १६ पिक्सेल उंची उपलब्ध असेल, तर त्यातील निम्मा भागच साधारणपणे मूळ अक्षराच्या वाट्याला येतो. त्यातूनही एक पिक्सेल शिरोरेषा घेते. उरलेल्या सात पिक्सेलमध्ये 'क्ष' किंवा 'ज्ञ' यांची वळणे दाखवावी लागतात.

देवनागरीतील काही अक्षरांचा भेद अत्यंत सूक्ष्म जागेवर अवलंबून असतो. 'घ' आणि 'ध', तसेच 'म' आणि 'भ' यांची ओळख शिरोरेषेतील खंड व त्याजवळचे वळण यांवरून पटते. 'प' आणि 'ष' यांत एका तिरप्या रेषेचा फरक आहे. अक्षराच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून आज्ञावली कडेच्या पिक्सेलना मधल्या छटा देते. शिरोरेषेतील खंड एकाच पिक्सेलचा असेल, तर या छटांमुळे तो भरून आल्यासारखा दिसतो आणि 'ध'चा 'घ' होतो. 'धन' आणि 'घन' या शब्दांच्या अर्थातील अंतर लक्षात घेतल्यास हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही, हे ध्यानात येईल.

सजावटीच्या परिणामांनी ही अडचण वाढते. अक्षराभोवती बाहेरून २ पिक्सेल जाडीची कड दिल्यास ती दोन्ही बाजूंनी आत सरकते व ४ पिक्सेलपर्यंतची पोकळी बुजवते. छाया, चकाकी व उठाव यांचाही परिणाम असाच होतो. रोमन लिपीत शोभून दिसणारा परिणाम देवनागरीत अक्षरनाशक ठरतो, याचे कारण हे आहे.

अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा संकेतही असाच परका आहे. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे ती विरळ केली तरी शब्द टिकून राहतो. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाची एकसंधता नाहीशी होते. अक्षरे उभ्या ओळीत एकाखाली एक मांडल्यासही शब्दाला बांधून ठेवणारी शिरोरेषा हरवते.

४. टंकाची निवड व मजकुराची मांडणी

युनिकोड संहितेत देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून आहे. या पद्धतीत अक्षरे उच्चारक्रमाने साठवली जातात. 'विभाग' या शब्दात आधी 'व' आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. ती 'व'च्या आधी दाखवण्याचे काम मजकूर-मांडणीची यंत्रणा करते. ही यंत्रणा नसलेल्या किंवा बंद असलेल्या आज्ञावलीत वेलांटी चुकीच्या जागी पडते, जोडाक्षरे सुटी होतात आणि हलन्ताची चिन्हे उघडी पडतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हा दोष आढळत असे. नंतरच्या काही आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींसाठीचा विकल्प निवडून तो टाळता येतो. जिंपमध्ये मजकूर-मांडणीसाठी पँगो व हार्फबझ या संग्रहांचा उपयोग केला असल्यामुळे देवनागरी नीट उमटते.

युनिकोडपूर्व काळातील टंकांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. त्यांना मांडणी-यंत्रणेची गरज नसल्यामुळे ते कोणत्याही आज्ञावलीत चालत. मुद्रण-व्यवसायात ते दीर्घकाळ टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण होय. परंतु असा मजकूर दुसरीकडे नेल्यास रोमन अक्षरांचा निरर्थक समूह हाती येतो. म्हणून नवीन रचनेसाठी युनिकोड टंकच वापरावा.

पडद्यासाठी टंक निवडताना मोकळ्या पोकळ्या, फारसा फरक नसलेली रेषेची जाडी व स्पष्ट शिरोरेषा हे निकष लावावेत. कवी व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संकल्पिलेला 'मंगल' हा टंक विंडोज प्रणालीबरोबर येत असल्याने अनेकांच्या परिचयाचा आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने सिद्ध केलेले 'मुक्ता' व 'बालू' हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. मराठीतील पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' यांचा पुरस्कार महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे केला आहे. काही टंकांत ही रूपे मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्यावरच प्रकट होतात. हिंदी वळणाचा 'ल' पट्टिकेवर आढळतो, तो बहुधा हा विकल्प न निवडल्यामुळे.

टंक निश्चित करण्यापूर्वी काही कसोटी-शब्द लिहून पाहावेत. 'कर्तृत्व' या शब्दात एकाच अक्षरावर रफार व खाली ऋकार येतो. 'घृष्णेश्वर' मध्ये ऋकार व दोन जोडाक्षरे आहेत. 'वाऱ्यावर' या शब्दात खास मराठीतील अर्धचंद्राकृती 'र' आहे. हे तिन्ही शब्द अंतिम आकारात स्पष्ट वाचता आले, तर तो टंक योग्य समजावा.

५. संकल्पनाची पद्धती

आज्ञावलीतील लेअर ही सोय म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद होत. फोटोशॉपमध्ये ती १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आली. पार्श्वभूमी, बोधचिन्ह, नाव व पदनाम हे प्रत्येक स्वतंत्र लेअरवर ठेवल्यास एकाला धक्का न लावता दुसऱ्यात बदल करता येतो. त्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

अ) मजकूर निश्चित करणे : पट्टिकेत नाव, पदनाम व संस्था यांपलीकडे काही असू नये.

आ) उंचीचा हिशेब करणे : १२० पिक्सेल उंचीतून वर व खाली प्रत्येकी १४ पिक्सेल समास सोडल्यास ९२ पिक्सेल उरतात. नाव ३२ पिक्सेल आकारात घेतल्यास त्याच्या ओळीला सुमारे ४८, तर २० पिक्सेल आकारातील दुसऱ्या ओळीला सुमारे ३२ पिक्सेल लागतात. दोहोंची बेरीज ८० होते व ओळींमध्ये १२ पिक्सेल शिल्लक राहतात. वरच्या ओळीतील उकार व खालच्या ओळीतील मात्रा यांची टक्कर टाळण्यासाठी हे अंतर आवश्यक आहे. तिसऱ्या ओळीला येथे जागा नाही, हा निष्कर्ष हिशेबातूनच निघतो.

इ) अक्षरे प्रथम मांडणे : कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत मजकूर मांडून वाचून पाहावा. येथे जे वाचता येत नाही, ते सजावटीने सुधारत नाही.

ई) पार्श्वभूमी नंतर आणणे : इमारतीचे छायाचित्र घ्यावयाचे असल्यास अक्षरांखाली एकरंगी पट्टा ठेवावा. छायाचित्र स्वतःचे असावे किंवा वापराची अनुमती घेतलेले असावे. महाजालावर सहज आढळणे म्हणजे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातून सुटका नव्हे.

उ) प्रत्यक्ष आकारात तपासणे : काम करताना प्रतिमा मोठी करून पाहिली जाते, निर्णय मात्र शंभर टक्के आकारात व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून घ्यावा.

६. रंगसंगती

अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेतील फरक मोजता येतो. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डब्ल्यूसीएजी २.०' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ : १ व मोठ्या मजकुरासाठी ३ : १ असावे. पांढऱ्यावर काळ्या अक्षराचे गुणोत्तर २१ : १ असते. आपल्याकडे समारंभप्रसंगी आवडीने वापरला जाणारा केशरी रंग (२५५, १५३, ५१) पांढऱ्या पार्श्वभूमीवर केवळ सुमारे २.१ : १ इतके गुणोत्तर देतो, शुद्ध लाल रंग सुमारे ४ : १ पर्यंत पोहोचतो. गडद तपकिरी लाल (१२८, ०, ०) मात्र सुमारे ११ : १ इतके गुणोत्तर देतो. केशरी रंग वर्ज्य नाही; तो किनारीसाठी वापरावा, अक्षरासाठी नव्हे.

७. साठवणीचे प्रकार

१९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपीईजी पद्धती प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलचे भाग पाडून सूक्ष्म तपशील गाळते. छायाचित्रासाठी ती उत्तम आहे. परंतु अक्षराच्या तीव्र कडांभोवती तिच्यामुळे डागांची झालर उमटते. १९८७ च्या जीआयएफ पद्धतीत एका चित्राला २५६ रंगांची मर्यादा आहे. १९९६ मध्ये मान्य झालेली पीएनजी पद्धती तपशील न गमावता संकोच करते व अंशतः पारदर्शकताही जपते. म्हणून अक्षरप्रधान पट्टिकेसाठी तीच योग्य ठरते. लेअर असलेली मूळ प्रत स्वतंत्र जपून ठेवावी. पदोन्नती किंवा विभागबदल झाल्यावर तिची गरज पडते.

८. प्रतिमेतील अक्षराचे स्वरूप

पट्टिका पीएनजी रूपात साठवताच तिच्यातील नाव हे मजकूर राहत नाही. ते ठिपक्यांचे चित्र होते. ते शोधता येत नाही, त्याची नक्कल करून पत्ता लिहिता येत नाही. अनेक ई-पत्र आज्ञावली वाचकाने अनुमती देईपर्यंत चित्रे दाखवत नाहीत. अशा वेळी पत्र निनावी भासते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याला वा सहकाऱ्याला पत्र कोणाचे आहे हे त्या चित्रातून कळत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. त्यातील सुगम्यतेचे तत्त्व आपल्या रोजच्या पत्रव्यवहारालाही लागू व्हावे, ही अपेक्षा गैरवाजवी नाही. उपाय सोपा आहे : चित्राला पर्यायी मजकूर जोडावा आणि नाव, पद, संस्था या बाबी पट्टिकेखाली साध्या युनिकोड मजकुरात पुन्हा द्याव्यात.

याच संदर्भात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. काही पट्टिकांत हस्ताक्षरातील सहीचे चित्रही घातले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये वर्णिलेली डिजिटल स्वाक्षरी ही कूटलेखनावर आधारित प्रमाणीकरणाची प्रक्रिया आहे. सहीचे चित्र म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. उलट पारदर्शक पार्श्वभूमीवरील सहीचे चित्र कोणीही उचलून शिफारसपत्रावर किंवा गुणपत्रकावर चिकटवू शकतो. म्हणून नामपट्टिकेत सही घालू नये.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, देवनागरी नामपट्टिकेचे संकल्पन हे आज्ञावलीतील परिणामांच्या ज्ञानापेक्षा लिपीच्या ज्ञानावर अधिक अवलंबून आहे. तिपदरी रचनेला पुरेशी उंची, अखंड शिरोरेषा, मोकळ्या पोकळ्या व पुरेसा रंगभेद या चार गोष्टी सांभाळल्या, तर सामान्य साधनांनीही सुवाच्य पट्टिका सिद्ध होते. विद्यार्थ्यांच्या संगणक-कार्यशाळांत प्रतिमा-संपादन शिकवताना बहुधा रोमन अक्षरांची उदाहरणे दिली जातात. त्यांच्या जोडीला 'कर्तृत्व' आणि 'घृष्णेश्वर' यांसारखे शब्द दिल्यास विद्यार्थी आपल्या लिपीच्या गरजा ओळखू लागतील. मराठी विभाग व संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे आणि त्यासाठी वेगळ्या खर्चाची आवश्यकता नाही.