नमाजाची हेळसांड

इस्लामांत दररोज पांच नमाज सांगितले आहेत: पहाटे फज्र, दुपारीं जुहर, तिसऱ्या प्रहरीं अस्र, सूर्यास्तानंतर मगरिब आणि रात्रीं इशा. आजाऱ्यानें तो बसून, तेंही न साधल्यास निजून पढावा. प्रवाशानें चार रकातींच्या दोन कराव्या. इतकी सवलत आहे, तरी हें नित्यकर्म टाळूं नये असा कटाक्ष आहे. तो कां?

नमाज चुकल्यानें ईश्वराचें कांहीं उणें होत नाहीं. उणें होतें तें माणसाचें. हदीसांत पैगंबरांनीं नमाजाला दारावरून वाहणाऱ्या नदीची उपमा दिली आहे. तींत रोज पांचदां स्नान करणाराच्या अंगावर मळ कसा राहील? हीच उपमा उलट लावून पहावी. एक दिवस स्नान चुकलें तर फारसें बिघडत नाहीं; पण मळ हळूहळू अंगवळणी पडतो आणि शेवटीं त्याची किळसही येईनाशी होते. मनाच्या या बधिरतेस 'गफलत' म्हणतात. आपण मराठींत गफलत म्हणतों ती बहुधा क्षणाची चूक. ही अंतःकरणाची झोप होय. ईश्वराला विसरणाऱ्यांस तो स्वतःचाच विसर पाडतो, अशा आशयाचें वचन कुराणाच्या ५९ व्या अध्यायांत आहे.

हा विसर आचरणांतही उतरतो. १०७ वा अध्याय अवघ्या सात वचनांचा; पण अनाथाला हुसकावणारा, भुकेल्याविषयीं उदासीन असणारा, नित्य वापराची किरकोळ वस्तुही नाकारणारा आणि नमाजाविषयीं बेफिकीर असा नमाजी, यांना त्यानें एकाच पंक्तीस बसविलें आहे. म्हणजे देह वाकला आणि मन बाजारांत राहिलें, तर तीही हेळसांडच. म्हणूनच इमाम गझाली (इ. स. १०५८–११११) यांनीं 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथांत अंतःकरणाच्या उपस्थितीवर एवढा भर दिला.

नमाज टाकणाऱ्याविषयीं शास्त्रकारांत मतभेद आहे. त्याचें कर्तव्य मान्य असूनही केवळ आळसानें तो टाकणाऱ्यास हनफी पंथ महापातकी म्हणतो, पण धर्मबाह्य ठरवीत नाहीं. हनबली पंथांतील एक प्रसिद्ध मत याहून कठोर आहे. परंतु परतीची वाट मोकळी आहे. झोपेनें वा विस्मरणानें नमाज राहिल्यास आठवण होतांच तो पढावा, अशी आज्ञा आहे. यालाच 'कजा' म्हणतात. ही आठवण होणेंच मुळीं बंद पडावें, हा हेळसांडीचा खरा धोका. तोंवर जागें होण्यास उशीर झालेला नसतो.