खानदेशी उन्हाळा आणि कमी तेलाचा स्वयंपाक

जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्गाला लागून वसलेल्या नशिराबादसारख्या गावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, तर त्याची कोणी बातमी करत नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर पोहोचले की तेथील सरासरी काहीही असली तरी ती उष्णतेची लाट मानली जाते, आणि तापीकाठच्या या पट्ट्याला त्या आकड्याची ओळख जुनीच आहे. अशा हवेत घरच्या माणसांना काय जेवू घालावे हा प्रश्न दरवर्षी निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा बाहेरून आणले जाते: ओट्स, सॅलड, उकडलेल्या भाज्या, महागडे ऑलिव्ह तेल. खानदेशी जेवण म्हणजे लाल तर्री, शेवभाजी आणि तुपात बुडालेली बट्टी, हे समीकरण हॉटेलांनी आणि ढाब्यांनी इतके पक्के केले आहे की कमी तेलाचे खायचे तर खानदेशी खाणे सोडावे लागेल, असे पुष्कळांना मनापासून वाटते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. कारण या प्रदेशातील जुन्या पाककृती उलगडून पाहिल्या तर त्यांतील मूळ क्रिया भाजण्याची, वाफवण्याची किंवा रश्शात शिजवण्याची असल्याचे दिसते, आणि तेलाचा मोठा वाटा शेवटच्या पायरीवर, म्हणजे वरून ओतण्यात किंवा अखेरीस तळण्यात, येऊन बसलेला असतो.

भरीत हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मातीहवेमुळे गुण आलेल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, प्राप्त झाले. नशिराबादजवळचे असोदे आणि यावल तालुक्यातील बामणोद ही गावे त्यासाठी विशेष ओळखली जातात. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. त्याच्या पेशींच्या मधल्या पोकळ्यांत हवा भरलेली असते, आणि फोडी कढईत पडल्या की ही हवा बाहेर पडून तिच्या जागी तेल शिरते, म्हणूनच परतलेल्या वांग्याला कितीही तेल घातले तरी ते कमीच वाटते. तेच अख्खे वांगे तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजले की आतल्या आत स्वतःच्या वाफेवर शिजते, गर मिटून येतो आणि पोकळ्या तेलाविनाच नाहीशा होतात. पुढे तो गर लाकडी मुसळीने ठेचून त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि कोथिंबीर घातली जाते. तेल लागते ते फक्त फोडणीला, आणि चार माणसांच्या भरिताला चार चमच्यांची फोडणी पुरेशी होते. भरीत-पार्टीत तेलाचा हिशेब बिघडवते ती सोबतची पुरी. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळलेल्या पिठाला कळणा म्हणतात. त्याची पुरी तळली जाते, पण त्याच पिठाची भाकरी तव्यावर आणि मग निखाऱ्यावर होते, आणि तिला तेलाचा थेंबही लागत नाही. चांगले भरीत हिवाळ्यातले हे खरे. तथापि भाजण्याची तीच रीत उन्हाळ्यात गिलक्यांना आणि दुधीला लावता येते, आणि गिलक्याचे भरीत ही काही नवी कल्पना नव्हे.

त्याहून लक्षात घेण्याजोगे आहेत ते डाळींचे पदार्थ. महाराष्ट्रात इतरत्र बेसन म्हटले की भजी आठवतात; खानदेशात त्याच बेसनाचे डुबुकवडे होतात. काळ्या मसाल्याचा रस्सा खळखळून उकळू लागला की मिरची, लसूण, हळद, मीठ घालून घट्टसर कालवलेले पीठ बोटांनी थेट त्यात सोडले जाते. वडा आधी तळाशी बसतो आणि शिजून हलका झाला की आपोआप वर येतो, तोच तो शिजल्याचा इशारा. यात तळणे कोठेच नाही. पातोड्यांच्या रश्शातही बेसन आधी पाण्यात शिजवून, ताटात थापून, त्याच्या वड्या पाडल्या जातात आणि त्या रश्शात सोडल्या जातात. फुणके तर सरळ वाफेवरचे: भिजवलेली डाळ भरड वाटून, तिच्यात लसूण, जिरे, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून, मुठीत दाबून लांबट केलेले गोळे चाळणीवर वाफवले जातात आणि ताकाच्या कढीबरोबर खाल्ले जातात. आहारशास्त्र ज्याला उत्तम म्हणते ते सर्व, म्हणजे भरपूर प्रथिने, डाळीतले तंतू आणि नगण्य तेल, या ताटात आहे. फक्त शेवटी फुणका फोडून त्यावर शेंगदाण्याचे कच्चे तेल ओतण्याची जी सवय आहे, तिथे हात आखडावा लागतो. तुरीच्या डाळीच्या खिचडीवर ओतल्या जाणाऱ्या तेलाचेही तसेच आहे. एका चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम तेल मावते, पण पळीने ओतणाऱ्याला चमच्याचा हिशेब कळत नाही.

वरण-बट्टीचे गणित थोडे निराळे आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे उकडून किंवा गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून झाले की बट्टी शिजलेली असते, त्या क्षणी ती खाण्याजोगीही असते. त्यानंतर तिचे तुकडे करून तळणे ही केवळ चवीची आणि खुसखुशीतपणाची पायरी होय. ती पायरी गाळून भाजलेली बट्टी गरम वरणात कुस्करावी आणि वर अर्धा चमचा तूप सोडावे, एवढ्याने पदार्थाचे नाव बदलत नाही. लग्नाच्या पंगतीत हे चालणार नाही, आणि चालावे असा आग्रहही नाही. घरच्या ताटात ते सहज चालते.

तेलाकडे एवढे लक्ष का द्यायचे, याचे कारण साध्या अंकगणितात आहे. एक ग्रॅम पिष्ट किंवा एक ग्रॅम प्रथिन शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा देते, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९; त्यामुळे ताटातील पदार्थ न वाढवता केवळ दोन पळ्या तेलाने जेवणाची ऊर्जा पुष्कळ वाढते. स्निग्धांश दोन रूपांत पोटात जातो. बाटलीतून किंवा डब्यातून ओतले जाणारे तेल-तूप हा दृश्य भाग, आणि अन्नातच दडलेले तेल हा अदृश्य भाग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरींच्या रोजच्या आहारासाठी जे नमुना ताट मांडले आहे, त्यात तेल-तुपाला सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेपाच चमचे, एवढीच जागा आहे, तर भाज्यांना ४०० ग्रॅम.

या कसोटीवर शेवभाजी घेतली की अडचण नेमकी कोठे आहे ते दिसते. तिच्यातील दृश्य तेल म्हणजे तर्री. पण शेव स्वतः तळलेली असते आणि तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग तेलाचा असू शकतो. वाटणातील सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त आणि शेंगदाण्यांच्या कुटात जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो. म्हणजे फोडणीचे तेल अर्ध्यावर आणूनही वाटी भरून शेव घातली तर साध्य फारसे काही होत नाही. तर्रीचा लाल रंग मिळवण्यासाठी मात्र थोडे तेल लागतेच, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा देणारी द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून फोडणी पूर्ण वगळण्यापेक्षा कांदा आणि थोडेसे खोबरे जाळावर कोरडे भाजून, वाटण दोन-तीन चमचे तेलात मंद आचेवर परतणे आणि चिकटू लागले की तेलाऐवजी गरम पाण्याचा हबका मारणे, हा मार्ग बरा. काळ्या मसाल्याची खरी चव त्या भाजण्यातून येते. रस्सा थोडा निवला की वर जमलेला तवंग डावाने काढून ठेवता येतो आणि घरात ज्याला झणझणीत हवे त्याच्या वाटीत घालता येतो.

उन्हाळ्याचा या सगळ्याशी संबंध जोडताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘तळलेले उष्ण पडते’ असे सर्रास म्हटले जाते. परंतु अन्न पचवताना शरीरात जी उष्णता निर्माण होते ती स्निग्ध पदार्थांमुळे सर्वांत कमी आणि प्रथिनांमुळे सर्वांत जास्त असते. लोकांना जाणवणारा त्रास मात्र खोटा नाही, त्याचे कारण वेगळे आहे. तेलकट जेवण जठरातून पुढे सरकायला अधिक वेळ घेते, त्यामुळे पोट जड राहते, भूक मंदावते आणि मळमळ होते. शिवाय कढईसमोर तासभर उभी राहणारी व्यक्ती स्वतःच उष्म्याला बळी पडण्याची शक्यता असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेविषयीच्या सूचनांत भर दुपारी स्वयंपाक टाळावा, शिळे अन्न खाऊ नये आणि ताक, लिंबूपाणी यांसारखी घरगुती पेये घ्यावीत असे सांगितलेले आहे. लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश अत्यल्प उरतो आणि पाणी, क्षार व थोडी प्रथिने मिळतात, म्हणून ज्वारीच्या कण्या आणि ताक हे जुने जेवण मे महिन्याच्या दुपारी कोणत्याही आधुनिक आहारतक्त्यात शोभेल असे आहे. फक्त रक्तदाब असलेल्यांनी ताकातले मीठ दिवसाच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेत धरावे. कैरीच्या पन्ह्यात आणि आमरसात तेल नसते, साखर असते. पन्ह्यात साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेह असलेल्यांच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. तेलाची बचत करून ती सरबतात उडवणे हा उन्हाळ्यातला नेहमीचा घोटाळा आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला लेकी माहेरी येतात तेव्हा खापरावरची पुरणपोळी होते. हातावर पसरत नेलेली ती मोठी पोळी पालथ्या मातीच्या खापरावर कोरडीच भाजली जाते. तूप नंतर येते, आणि किती घ्यायचे हे जेवणाऱ्याच्या हाती असते. त्याच ताटातल्या कुरडया आणि पापड यांचे वाळवण उन्हात, तेलाविना झालेले असते, आणि तळणीत गेल्यावर एरवी कोरडा असलेला हा पदार्थ तेलकट होतो. उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजून उत्तम लागतात. कुरडईला मात्र तळणीवाचून फुलता येत नाही, तेव्हा ती सणापुरती ठेवावी हे बरे. तळायचेच असेल तर तेल पुरेसे तापलेले असावे आणि पदार्थ काढल्याबरोबर गरम असतानाच निथळावा, कारण तेल मोठ्या प्रमाणात शोषले जाते ते पदार्थ कढईबाहेर येऊन थंड होताना: आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचे तेल आत खेचले जाते. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात घातक संयुगे वाढतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलातील ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, पण घरात ती मोजण्याचे साधन नसते, म्हणून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे आणि ते पुन्हा तळणीला घेऊ नये.

कोणते तेल चांगले, यावर घरोघरी वाद होतात. लाकडी घाण्याचे असो वा रिफाइंड, शेंगदाण्याचे असो, सरकीचे असो वा करडईचे, प्रत्येक ग्रॅममागे ऊर्जा तीच ९ किलोकॅलरी; फरक असतो तो मेदाम्लांच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थ ज्या घटकांचा बनतो त्यांच्या, प्रकारात. शेंगदाण्याच्या तेलात एकअसंतृप्त मेदाम्ले अधिक, करडईत बहुअसंतृप्त. त्यामुळे तेल आलटून पालटून वापरण्याचा सल्ला योग्यच आहे, पण तो कमी तेलाला पर्याय ठरत नाही. खानदेशच्या उन्हात डबा उघडा राहिला तर तेलाला आणि शेंगदाण्यांच्या कुटालाही लवकर खवट वास येतो, तेव्हा कूट आठवड्याला लागेल तेवढाच करावा आणि तेल अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे.

दोन वर्षांखालील बालकांच्या आहारातील स्निग्धांश कमी करू नये, कारण त्यांच्या मेंदूच्या वाढीला तो लागतो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठीही थोडे तेल-तूप आवश्यक असते. केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणाऱ्या मजुराचे ताट आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचे ताट एकाच मापाने मोजणेही चुकीचे ठरेल. तर्रीदार रश्शाची सवय बहुधा पहिल्या प्रकारच्या श्रमांत जडली आणि श्रम गेल्यावरही टिकून राहिली.

बैठे काम करणाऱ्या पाच प्रौढांच्या कुटुंबाला वर सांगितलेल्या मापाने रोज १३५ ग्रॅम तेल-तूप लागते. म्हणजे महिन्याला सुमारे ४ किलो, आणि तुपाचा वाटा सोडून सगळे तेलच धरले तरी १५ किलोचा एक डबा साधारण ११० दिवस पुरला पाहिजे. पुढचा डबा आणल्यावर त्याच्या झाकणावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि तो संपेल त्या दिवशी ती पाहावी.