चष्म्याविना खोली

जबलपुरात, 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मृतीशी निगडित अशा कमानिया गेटसमोर उभे राहून प्रथम डावा, मग उजवा डोळा मिटून पाहावे. कमानीतून दिसणारी पलीकडची दुकाने किंचित सरकल्यासारखी भासतात. दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असल्याने दोन निराळी चित्रे उमटतात. मेंदू त्यांतून खोली घडवितो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये हेच तत्त्व मांडले.

संगणकाच्या सपाट पडद्यावर चष्म्याविना हे साधावयाचे, तर दोन चित्रांच्या उभ्या पट्ट्या एकाआड एक मांडतात व पुढे बारीक फटींची जाळी बसवितात. फटींतून प्रत्येक डोळ्यास आपल्याच वाट्याच्या पट्ट्या दिसतात. मात्र आडवा तपशील निम्मा होतो आणि मस्तक जरा ढळले की चित्र बिघडते. ज्याचा एक डोळा अधू, त्यास तर ती खोली लाभतच नाही.

कमानीपुढे तसे नाही. असा मनुष्यही दोन पावले चालला, की जवळचे झपाट्याने, दूरचे संथपणे सरकते आणि अंतराचा बोध होतो. आता काही पडद्यांवरील कॅमेरे डोळ्यांचा माग घेऊन चित्र बदलतात. चालत्या माणसाला खोली दाखविणे, हीच या विद्येची खरी कसोटी होय.